शॉकअप मिळेल हो, पण उघडणार कोण?

माउंटन बाइकचा मागचा शॉकअप, म्हणजे शॉक, गेला की पहिले काही दिवस आपण जे करतो त्याला खरेदी म्हणत नाहीत, स्वप्नरंजन म्हणतात. रात्री जेवण झालं की मोबाइल घेऊन पडायचं आणि फॉक्सचा तो सोनेरी दांड्याचा, रॉकशॉक्सचा बाजूला जादा तेलाची डबी लटकवलेला, केन क्रीकचा चार-चार ॲडजस्टमेंटवाला, असे फोटो बघत बसायचं आणि मनातल्या मनात एकेक आपल्या जुन्या फ्रेमवर चढवायचा. मीही चढवले. पण खरं सांगू का, यात निवडण्यासारखं तुमच्या हातात फार थोडं असतं. निम्मी निवड फ्रेम बनवणाऱ्याने कधीच करून ठेवलेली असते, उरलेल्यातली बरीचशी तुमचं वजन करतं, आणि मग जे काही उरतं ते तुम्ही राहता कुठे यावर ठरतं. हे शेवटचं कुठल्याच रिव्ह्यूत सापडत नाही, कारण रिव्ह्यू लिहिणारा साताऱ्यात राहत नाही.

आधी रोग काय होता ते सांगतो. यवतेश्वरच्या अंगाला मुरमाच्या पायवाटेने उतरताना मागचं चाक दगडावरून गेलं की सीट खालून लाथ घालायला लागली. चढाला काही नाही, घाटातल्या डांबरावर काही नाही, फक्त दगड आला की दणका आणि दणक्याच्या मागोमाग उसळी. घरी आणून भिंतीला टेकवली, सीटवर दोन्ही हात ठेवून जोर दिला तर शॉकच्या पोटात चुळुक-चुळुक. हवा पूर्ण होती. वर यायचा वेग ठरवणारा रिबाउंडचा लाल नॉब पार शेवटपर्यंत आवळला काय आणि पूर्ण सोडला काय, सीट वर यायची ती तेवढ्याच झपाट्याने.

त्या दिवशी मामा घरी होते. मामा म्हणजे माझे सासरे. महाराष्ट्र स्कूटर्समध्ये होते, १९७५ मध्ये निघालेली ती साताऱ्याची कंपनी, बजाजच्या भागीदारीतली, जिथं प्रिया स्कूटर बनायची. पुढच्या चाकाच्या असेंब्लीवर त्यांची बरीच वर्षं गेली, त्यामुळे स्प्रिंग आणि तेल या दोन विषयांवर ते कुणाचं ऐकून घेत नाहीत. त्यांनी सीट दाबली, सोडली, परत दाबली, खाली वाकून कान लावला.

"पावणं, स्प्रिंग चांगली हाय. तेल मेलंय."

"मामा, तेल मेलंय म्हणजे?"

"तेलात हवा शिरली. बुडबुडं दाबलं जात्यात, तेल दाबलं जात न्हाई. मग आडवणार कोण?"

एवढ्यात त्यांनी सगळं सांगितलं, मी आपला नंतर रात्रभर वाचून तेच परत शिकलो. दुकानाच्या काचेच्या दाराला वर जो क्लोजर असतो ना, त्यात दार ओढणारी स्प्रिंग वेगळी आणि दार धाडकन आपटू नये म्हणून अडवणारं तेल वेगळं, अगदी तसंच इथे असतं. हवा किंवा लोखंडी कॉइल ही स्प्रिंग. ती तुमचं वजन उचलते आणि दबली की परत वर येते. किती वेगाने दबायचं, किती वेगाने वर यायचं हे तेल ठरवतं, पिस्टनच्या बारीक भोकांतून आणि त्यावरच्या पातळ चकत्यांखालून जोर लावून जाताना. दांडा आत शिरला की त्याच्यापुरती जागा तेलाने करून द्यायची असते, म्हणून मागे एक सरकणारा पिस्टन आणि त्याच्या पलीकडे दाबाखालचा नायट्रोजन. त्या पिस्टनचं सील गेलं की नायट्रोजन आणि तेल एकत्र येतात, फेस होतो, आणि तो फेस भोकातून सुळकन निघून जातो. नॉब फिरवून काय उपयोग, नॉबला धरायला काही राहिलेलंच नसतं.

(आपल्याकडे चौकातल्या दुकानात 'डबल शॉकअप' म्हणून ज्या रंगीत गिअर सायकली मिळतात, त्यातल्या बऱ्याच स्वस्त सायकलींत मागे नुसती स्प्रिंग असते, तेलाचा पत्ताच नाही. पोरं हट्ट करतात, बाप घेऊन देतो, आणि पोरगं चढाला पेडल मारतंय ते निम्मं स्प्रिंग खाली-वर करण्यात जातं. त्यापेक्षा मागे काहीच नसलेली सायकल घ्यावी, शंभर टक्के.)

दुरुस्ती का नाही केली? विचार केला की. पण ते मॉडेल कंपनीने बंद केलेलं, आतल्या डॅम्परची, म्हणजे तेलाच्या भागाची, सीलं मिळेनात. आणि मिळाली असती तरी नायट्रोजन भरणार कुठे? साताऱ्यात नायट्रोजन मिळतो, हायवेच्या पेट्रोल पंपावर कारच्या टायरला भरतात तोच, पण तो तीस-पस्तीस पीएसआय दाबाचा कारभार, इथे लागतो दोनशेच्या वर. म्हणजे नवीनच घ्यायचा.

आता माप. शॉकची दोन मापं बघायची, त्याच्याशिवाय दुकान उघडायचंच नाही. एक, वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंतची लांबी, आय-टू-आय म्हणतात, शॉक पूर्ण उघडा असताना. दोन, स्ट्रोक, म्हणजे दांडा खराखुरा किती आत जातो. बाहेर दिसणारा दांडा मोजून स्ट्रोक धरू नका, तो बऱ्याच शॉकमध्ये थोडा जास्तच दिसतो, फ्रेमच्या कंपनीचा जुना तक्ता शोधून काढा. माझं निघालं २०० बाय ५१, मूळचं इंचातलं माप, ७.८७५ बाय २. सायकलचा मागचा ट्रॅव्हल, म्हणजे मागचं चाक एकूण किती वर जातं ते, १३० मिमी. १३० ला ५१ ने भागलं की आले साधारण २.५५, हा लेव्हरेज रेशो, म्हणजे शॉक एक मिमी दबला की चाक अडीच मिमी वर जातं. हा आकडा पाठ करून ठेवा, पुढं प्रत्येक ठिकाणी लागतो.

आणि इथेच माझी पंचाईत झाली. २०१६ च्या सुमाराला रॉकशॉक्सने मेट्रिक मापं आणली, बाकीचे मागोमाग आले, आणि तेव्हापासून नव्या फ्रेम त्याच मापात. १९०, २१०, २३०, २५० अशा लांब्या, आणि वरचं टोक थेट फ्रेमला बोल्टने धरणारा ट्रनियन असेल तर १६५, १८५, २०५. स्ट्रोक अडीच-अडीच मिमीच्या पायऱ्यांनी. यात २०० बाय ५१ कुठेच नाही. मग सायकलवाल्यांच्या ग्रुपवर एक जण म्हणाला, अरे २१० चा टाक की, दहा मिमीने काय होतंय.

दहा मिमीने काय होतं ते कागदावर मांडलं. १० गुणिले अडीच, म्हणजे मागचं चाक २५ मिमी खाली ढकललं जाणार, सायकल मागून वर उठणार, पेडलचा मधला आस दीड सेंटिमीटरच्या आसपास वर, पुढच्या फोर्कचा अँगल एक अंशापेक्षा जास्त उभा. उताराला आधीच आपण पुढे झुकायला घाबरतो, त्यात हे. बरं १९० बाय ४५ टाकावा तर आणखी मजा. जुना शॉक पूर्ण दबला की २०० वजा ५१, राहायचा १४९. हा पूर्ण दबला की १९० वजा ४५, राहणार १४५. म्हणजे फ्रेम बनवणाऱ्याने जिथं थांबायचं ठरवलं होतं त्याच्या पुढं चार मिमी, चाकाला दहा, आणि माझ्या फ्रेमला त्या दहा मिमीत टायर थेट सीटच्या नळीला जाऊन घासतो. हे नुसतं गणित नाही, हवा सोडून, शॉक काढून, चाक हाताने वर उचलून बघितलं. तुम्हीही बघा, कुठलाही शॉक घेण्याआधी. फुकटात होतं.

मग उरले ते जुन्या मापात अजून बनणारे थोडे शॉक आणि सेकंडहँड बाजार. सेकंडहँडमध्ये एक गोष्ट कुणी सांगत नाही, की माप जुळलं म्हणजे सगळं जुळलं असं नाही. आतल्या चकत्यांची मांडणी, ज्याला ट्यून म्हणतात, ती त्या-त्या फ्रेमसाठी कंपनीने ठरवून दिलेली असते आणि बऱ्याच शॉकच्या अंगावर बारीक अक्षरात लिहिलेली असते. तीन रेशोच्या फ्रेमसाठी घट्ट बनवलेला शॉक अडीचच्या फ्रेमवर टाकला तर तो दगडावर ओठ घट्ट मिटून बसतो. एक भारीतला शॉक मला चांगल्या भावात मिळत होता, डबीवाला, फोटोत नवाकोरा. मी दांड्याचा जवळून फोटो मागवला, मग म्हटलं नख फिरवून बघा, कुठे अडकतंय का. उत्तर आलं, "थोडंसं अडकतंय पण चालतंय." नख अडकतं तिथे सील फाटतं, विषय संपला.

राहता राहिला कॉइल की हवा. कॉइलचा मला मोह होता, कबूल करायला काय जातंय, कारण लोखंडी स्प्रिंगला हवेचं सीलच नाही, पंप नको, धुळीत मळलं तरी तक्रार नाही. हिशेबही सोपा. माझं वजन हेल्मेट-बॅग-पाण्यासकट ८२ किलो, त्यातलं साधारण ६५ टक्के मागच्या चाकावर, म्हणजे ५३ किलो, पौंडात ११७. गुणिले २.५५, शॉकवर आले तीनशे पौंड. बसल्यावर स्ट्रोकचा ३० टक्के दबायला हवा, दोन इंचाचा ३० टक्के म्हणजे ०.६ इंच. तीनशे भागिले ०.६, पाचशे. पाचशे पौंडांची स्प्रिंग घ्यायची. वजन अर्धा किलो तरी वाढणार, वाढू दे, माझ्याच पोटावर त्याच्या कितीतरी पट पडून आहे.

पण लोखंडी स्प्रिंग पहिल्या मिमीला जेवढी हट्टी तेवढीच शेवटच्याला. हवा तशी नाही, ती दबत जाईल तशी जास्त जास्त अंगावर येते, शेवटी तर भिंतच. त्यामुळे कॉइल शोभते ती फ्रेमच शेवटी कडक होत जाणारी असेल तर. माझी आहे का हे बघायला भाच्याला बसवला टेप धरून. शॉकची हवा सोडली, पाच-पाच मिमी दाबत गेलो आणि दर वेळी चाकाच्या आसापासून सीटच्या नळीवर मारलेल्या खुणेपर्यंतचं अंतर लिहीत गेलो. भाचा दर दोन मिनिटांनी विचारत होता, "झालं का मामा?" (तो मला मामा, मी सासऱ्यांना मामा, आमच्या घरात एक हाक मारली की दोघं वळतात.) झालं तेव्हा आकडे आले सुरुवातीला २.६ आणि शेवटी २.५. जवळपास सपाट. म्हणजे या फ्रेमवर कॉइल टाकली तर एका हाताच्या उंचीवरून उडी मारली तरी शॉक तळाला ठाणकन आपटणार. कॉइल कटाप. वर त्या कॉइलवाल्या शॉकची डबी खालच्या नळीला लागत होती ते वेगळंच.

हवाच घ्यायची तर कसली? इथे येतो साताऱ्याचा भाग. आपल्या वाटा बघा. वरच्या पठारांवर जांभा, खाली बेसॉल्टचा खडक, मधल्या उतारांवर मुरूम आणि गुरांच्या वाटा. (कासच्या पठारावर सायकल घालू नका, २०१२ पासून ते जागतिक वारशात आहे आणि त्याच्याही आधीपासून ते फुलांचं आहे. आजूबाजूला वाटा काय कमी आहेत?) मार्च ते मे धूळ इतकी बारीक की दांड्यावर तेलाचा जो पातळ थर असतो त्यावर ती बसते आणि पॉलिश पेपरचं काम करते. जूनपासून चिखल, तो बुशात आणि बेअरिंगमध्ये शिरतो आणि दसऱ्याला सायकल पुसायला घेतली की कुरकुर. रॉकशॉक्सच्या कागदपत्रांत हवेच्या डब्याची सर्व्हिस ५० तासांनी आणि आतल्या डॅम्परची २०० तासांनी सांगितलेली असते. शनिवार-रविवार फिरणाऱ्याचे पन्नास तास एका मोसमात सहज होतात. हवेच्या डब्याचं काम घरी होतं. हवा पूर्ण सोडायची, डबा हाताने किंवा जुन्या ट्यूबचा पट्टा गुंडाळून फिरवून काढायचा, जुनी सीलं उचलायची, पुसायचं, ग्रीस लावून नवी बसवायची. एक लक्षात ठेवा, शॉक आपोआप आत ओढला जाऊन तसाच राहिला असेल तर घरी उघडू नका, आतल्या बाजूला दाब अडकलेला असतो, डबा तोंडावर येतो. डॅम्परचं काम मात्र घरी होत नाही, आणि साताऱ्यात ते खात्रीने करणारा माझ्या माहितीत कुणी नाही, पुण्याला पाठवायचं आणि वाट बघायची.

म्हणून मी यादी उलटी केली. सगळ्यात भारी कोणता हे सोडून दिलं आणि कुणाची सीलं सहज मिळतात, कुणाचा डबा विशेष हत्यारांशिवाय निघतो, आत कमीत कमी काय आहे, असं विचारत गेलो. डबी नको, चार नॉब नकोत. रिबाउंड पाहिजे, आणि लॉकआउट, म्हणजे शॉक बंद करायचा खटका, पाहिजे, कारण साताऱ्यातून कुठेही बाहेर पडायचं तर पहिला घाट लागतो. यवतेश्वर चढताना मागचं झुलतं चाक कुणाला परवडतंय. अशा अटी लावल्या तर जुन्या मापात एकच साधा, सरळ, जरासा जुनाट दिसणारा नवा शॉक उरला. नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की सगळे तेवढंच वाचतील आणि स्वतःची फ्रेम न मोजता मागवतील.

शॉक आला, पण बसेना. वरचा बोल्ट बसला, खालच्या बाजूला फ्रेमचा खाचा ३० मिमी रुंद आणि सोबत आलेले स्पेसर, म्हणजे बोल्टभोवतीच्या नळकांड्या, २२ चे. ३० चे मागवायचे तर परत वाट बघा. मामा म्हणाले, "त्येला काय मागवायचं, चला." एमआयडीसीत त्यांच्या ओळखीचा एक लेथवाला. मी मापाचा कागद पुढे केला. त्याने कागद न बघता विचारलं, "किती पीस?"

"दोन."

"दोन पीससाठी सेटिंग लावू व्हय?" मग मामांकडे बघितलं. मामा म्हणाले, "जावई हाय." तो गप उठला.

शॉकच्या टोकातल्या डीयू बुशच्या, म्हणजे त्यातल्या गोल अस्तराच्या, आतलं माप १२.७, म्हणजे बरोबर अर्धा इंच, तेवढी स्पेसरची बाहेरून जाडी. आतून आठ मिमीच्या बोल्टसाठी भोक. एचई-३० ॲल्युमिनियमचा दांडा चकमध्ये धरला, आधी फेसिंग मारून टोक सपाट केलं, मग टूल पुढं सरकवत एकदा कट घेतला, मायक्रोमीटर लावला, परत एक केसभर कट. ॲल्युमिनियमच्या चकचकीत वेटोळ्या ट्रेमध्ये पडत होत्या. "आठच्या बोल्टला आठ भोक ठेवलं तर आत जायचा न्हाई, आन् ढिलं ठेवलं तर कटकट वाजंल," तो म्हणाला आणि पॉइंट झिरो फाइव्ह मिमी जास्त सोडलं. रुंदीला ३० मधून पॉइंट एक कमी केला. शेवटी बारीक पॉलिश पेपर फिरत्या दांड्यावर धरला, कारण बुश या भागावरच फिरणार. बुशात घातला तर अंगठ्याच्या दाबाने हळूच गेला, हलवला तर जरासुद्धा खेळ नाही. कंपनीच्या पाकिटातले याच्यापेक्षा ढिले होते. दोनशे रुपये घेतले, तेही तो नको म्हणत असताना मामांनी ऐकलं नाही म्हणून.

मग हवा. शॉकचा व्हॉल्व्ह स्कूटरच्या ट्यूबसारखाच असतो, पण पंक्चरवाल्याकडे नेऊ नका, जागा इतकी छोटी की त्याचा एक झटका म्हणजे एकतर काहीच नाही नाहीतर भलतंच. शॉक पंप लागतो, घड्याळवाला. सुरुवातीला आपल्या वजनाचे पौंड तेवढे पीएसआय, म्हणून मी १८० वर गेलो. भरताना मध्ये थांबून शॉक हळूहळू चार-पाच वेळा दाबायचा, म्हणजे आतल्या दुसऱ्या बाजूलाही हवा जाते, मग घड्याळ खाली येतं, परत भरायचं. पंप काढताना फुस्स होतं ती नळीतली हवा, शॉकमधली नाही, घाबरू नका. आणि दुसऱ्या दिवशी नुसतं बघायला म्हणून पंप लावला की आकडा कमीच दिसणार, कारण नळी भरायला हवा शॉकनेच दिली. यावरून "माझा नवा शॉक लीक आहे" म्हणत फिरणारे लोक मला माहीत आहेत.

भिंतीला कोपर टेकवून पूर्ण साहित्यासकट बसलो, दांड्यावरची रबरी ओ-रिंग वर सरकवली, हळूच उतरलो. ती सरकली होती बारा मिमी. मला हवे होते चौदा-पंधरा. दहा पीएसआय सोडले, चौदा. रिबाउंड पूर्ण बंद करून एकेक टिक सोडत गेलो, फुटपाथच्या पायरीवरून बसल्या-बसल्या उतरायचं आणि बघायचं, सीट एकदा वर येऊन थांबते की परत एक हेलकावा घेते. थांबली तिथे सोडून दिलं.

मामा पायरीवर बसून सगळं बघत होते. म्हणाले, "मी बसून बगू का?" बसले. त्यांचं वजन साठच्या आसपास, ओ-रिंग नऊवरच अडकली. "मला लय कडक हाय," म्हणाले, मग त्यांच्यासाठी १३० केली, परत सगळं दाबा, भरा, मोजा. आणि गल्लीत दोन चकरा मारून आले तर लॉकआउटचा खटका बंद करून. मी म्हटलं, "मामा, अहो एवढी हवा जुळवली आणि तुम्ही शॉकच बंद केला?"

"हे खटक्याचं बेस हाय," ते उतरता उतरता म्हणाले, "ह्यो दाबला की आपली नेहमीची सायकल होतीया."